इतर सर्व व्यक्ती

नाशिकरोडच्या रात्र महाविद्यालयात, दुसऱ्या मजल्यावर,
ऐन मे महिन्यात मी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या.
"बाई, जीव जाईल," पळशाचा निवृत्ती गायधनी म्हणाला.
म्हटलं, त्यांनीही लावल्या होत्या.
फिलाडेल्फिया, सतराशे सत्याऐंशी, भर उन्हाळा,
आत काय शिजतंय ते बाहेर कळू नये म्हणून.

प्रेसमधली पोरं हसली.
नोटा छापणाऱ्यांना मी गुपित शिकवत होते!
रोज सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
दिवसभर लाखांच्या थप्प्या मोजायच्या
आणि बसमध्ये चार आण्यांसाठी कंडक्टरशी भांडायचं.

तेरा राज्यांच्या तेरा चिठ्ठ्या केल्या.
व्हर्जिनिया निवृत्तीला निघालं; द्राक्षबागेचा मालक, शोभला.
डेलावेअर इक्बाल मणियारला.
ऱ्होड आयलंड त्या सभेला गेलंच नव्हतं,
ते दगू बोराडेच्या नावावर टाकलं.
तो खाली टपरीवर होता.

निवृत्ती उठला: ज्याची माणसं जास्त त्याची मतं जास्त,
यात बोलायचं काय?
इक्बाल म्हणाला, मग आम्ही काय सतरंज्या उचलायला आलो?
आवाज चढले. कुणीतरी बाक आपटला.
खाली शिपाई ओरडला, परीक्षा आहे का निवडणूक?
शेवटी शोभा खैरनार, इतका वेळ पदरानं वारा घेत बसलेली,
म्हणाली, आमच्या गल्लीत गणपतीला
जेवणाची वर्गणी माणशी घेतात, मांडवाची घरटी.
इथंही तसंच करा ना.
एका सभेत डोकी मोजा, दुसरीत उंबरे.
मी खडू खाली ठेवला.
त्यांना इथवर यायला सात आठवडे लागले होते.

मग दक्षिण कॅरोलायना.
चिठ्ठी शरणपूरच्या रूथ साळवेकडे होती.
तिनं उभं राहून वाचलं:
आमच्या गुलामांना मत नाही, पण डोक्यांत त्यांना धरा.
उत्तर म्हणतं, मुळीच नाही. तडजोड, पाचाला तीन.
मी फळ्यावर अपूर्णांक काढला.
ती बराच वेळ मसुद्याच्या प्रतीत बोट फिरवत राहिली.
"बाई, गुलाम हा शब्द यात कुठंय?"
नाहीये, म्हटलं. 'इतर सर्व व्यक्ती' असं लिहिलंय.
लिहायची लाज वाटली असेल.
"असेल," ती म्हणाली.

आणि बसता बसता, जणू बसचा नंबर सांगावा तसं,
आमच्या शरणपुरात आणली होती अशी पोरं, म्हणाली.
आफ्रिकेची. समुद्रात गलबतं पकडून सोडवलेली.
सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली, मराठी बोलायची.
पप्पांचे पणजोबा त्यांची हजेरी घ्यायचे.
वही आता नाही. पण पप्पा सांगतात,
वय अंदाजे असायचं, नावही कधी कधी पाद्र्यानंच ठेवलेलं,
ओळ मात्र एकाला एक.

सह्यांचा कागद फिरला.
"अगं, टाक ना सही," निवृत्ती म्हणाला, "नाहीतर देशच व्हायचा नाही."
खरं तर तिथंही हेच म्हणाले होते.
मी ते वर्गात सांगितलं नाही.

तेवढ्यात दगूनं लाथेनं दार उघडलं.
तारेच्या जाळीत ग्लास, कपाळावर घाम.
"पैसे कमी पडले, तीनमध्ये पाच केलेत."
कुणाला काही सुचेना.
पहिली हसली ती रूथच, ठसका लागेपर्यंत,
आणि मग सगळा वर्ग. दगू आपला विचारतोय, काय झालं, काय झालं.
कुणीतरी खिडक्या उघडल्या.

कागद अजून माझ्या कपाटात आहे.
दक्षिण कॅरोलायनासमोर सही नाही,
पेन्सिलची एक उभी रेघ आहे.
तो इंग्रजी एक आहे की जुन्या पोथीतला दंड,
तिला विचारायचं राहून गेलं.